धरणाच्या पाण्यावर ॲल्युमिनियमची लहान होडी : निवड कशी करावी?

दिनांक २१ मे २०२४ रोजी सायंकाळी, उजनी धरणाच्या जलाशयात करमाळा तालुक्यातील कुगाव येथून इंदापूर तालुक्यातील कळाशी गावाकडे निघालेली एक प्रवासी होडी वादळी वाऱ्यात सापडून बुडाली. होडीत सात जण होते. त्यांपैकी एक पोलीस अधिकारी पोहत काठाला लागले. उरलेल्या सहा जणांना जलसमाधी मिळाली, आणि त्यांत लहान बालकेही होती. त्या होडीचे नेमके काय चुकले याचा निवाडा करणे हे आमचे काम नव्हे. तथापि त्याच पाण्यावर, आणि राज्यातील अशा असंख्य जलाशयांवर, आपले मच्छीमार बांधव दररोज पहाटे लहान होड्या घेऊन उतरतात. होडी घेताना बहुधा दोनच प्रश्न विचारले जातात : किंमत किती, आणि किती वर्षे टिकेल? होडीत पाणी शिरले तर ती काय करील, हा तिसरा प्रश्न क्वचितच कोणी विचारतो. प्रस्तुत लेखात या तिसऱ्या प्रश्नाला अग्रस्थान देऊन ॲल्युमिनियमच्या लहान होडीची निवड कशी करावी, याचा विचार आम्ही करणार आहोत.

आमच्या वाचकांपैकी पुष्कळजण समुद्रकाठचे आहेत. लाकडी होडीची डागडुजी, भरती-ओहोटी, वाऱ्याची दिशा यांविषयी त्यांना आम्ही काही शिकवावे असे नाही. परंतु धरणाचे पाणी हा निराळा विषय आहे. तेथे मासेमारी करणाऱ्या भोई बांधवांचा पिढीजात अनुभव वाहत्या नदीचा. धरणात जमीन गेल्यावर नाइलाजाने जाळे हाती घेतलेल्या शेतकरी व आदिवासी कुटुंबांजवळ तर तोही नसतो. म्हणून मग हाती येईल ते साधन वापरले जाते. ट्रकच्या टायरची ट्यूब, थर्माकोलचा तराफा, क्वचित गुऱ्हाळाची काहीलसुद्धा. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील भिवधानोरा या गावची मुले थर्माकोलच्या तुकड्यावर बसून जायकवाडीच्या फुगवट्याचे पाणी ओलांडून शाळेत जातात, ही बातमी २०२३ मध्ये सर्वत्र वाचली गेली. ज्यांना थोडे भांडवल उभे करता येते ते फायबरची होडी घेतात, आणि आपल्याकडील जलाशयांवर आज फायबरचीच चलती आहे.

ॲल्युमिनियमची होडी आपल्याकडे अजून तुरळक आहे. अमेरिका आणि कॅनडातील सरोवरांवर मात्र ती सर्वसामान्य माणसाची होडी मानली जाते. दुसरे महायुद्ध संपत असताना लढाऊ विमाने बांधणाऱ्या ग्रुमन या अमेरिकी कंपनीने विमानाच्याच पत्र्यापासून व रिव्हेटांच्या तंत्राने लहान होड्या बनविण्यास प्रारंभ केला. हलकेपणा हा त्यांचा मोठा गुण ठरला. लोखंडाच्या मानाने ॲल्युमिनियमचे वजन सुमारे एक तृतीयांश असते. बारा फुटी साधी होडी साठ-सत्तर किलोंत बसते, म्हणजे तीन-चार माणसे ती हातांवर उचलू शकतात. धरणावरील मच्छीमाराच्या दृष्टीने या गुणाला फार मोल आहे, कारण धरणाचे पाणी एका जागी थांबत नाही. दिवाळीनंतर ते मागे हटू लागते, आणि उन्हाळ्यात काठ मूळच्या जागेपासून कित्येक फर्लांग दूर गेलेला असतो. चिखलातून, खडकांवरून होडी पुन्हा पुन्हा ओढत न्यावी लागते. दीडशे-दोनशे किलोंची फायबरची होडी अशी ओढताना तिचा तळ घासून धागे उघडे पडतात. ॲल्युमिनियमवर ओरखडे उठतात, एवढेच.

पाणी कोणते, हे आधी ठरवावे

विक्रेत्याकडे जाण्यापूर्वी आपण कोणत्या पाण्यावर उतरणार आहोत याचा विचार झाला पाहिजे, आणि तोही त्या पाण्याच्या शांत सकाळीचा नव्हे, तर वाईटात वाईट दुपारचा.

पैठणचा नाथसागर सुमारे ३५० चौरस किलोमीटर पसरलेला, उथळ आणि उघडा आहे. तेथे वाऱ्याला अडविणारे काही नाही. उजनीचा फुगवटा भीमेच्या खोऱ्यात लांबच लांब गेलेला आहे. भंडारदरा किंवा आमच्या पालघर जिल्ह्यातील सूर्या नदीवरील धामणी यांसारखे जलाशय डोंगरांच्या कुशीत आहेत. तेथे उघडा विस्तार कमी, पण घळीतून अकस्मात येणारा झोत आणि काठालगतची एकदम वाढणारी खोली हा धोका आहे. गावच्या पाझर तलावाची गोष्टच वेगळी.

लाटेची उंची वाऱ्याच्या वेगावर अवलंबून असते, तशीच तो वारा किती लांबीच्या मोकळ्या पाण्यावरून येतो यावरही अवलंबून असते. ताशी ४० किलोमीटर वेगाचा वारा पाच किलोमीटर मोकळ्या पाण्यावरून तास-दीड तास वाहिला, तर हातभर उंचीच्या लाटा उठतात, असा ढोबळ हिशेब आहे. समुद्रावरील माणसाला हे हसण्यासारखे वाटेल. परंतु धरणावरील लाटा आखूड आणि एकामागून एक लगटून येणाऱ्या असतात. पहिल्या लाटेवरून होडीचे तोंड खाली येते न येते तोच दुसरी समोर उभी राहते. ज्या होडीचा काठ पाण्यापासून जेमतेम वीतभर वर आहे, तिच्यात अशी लाट आत येणारच. एप्रिल-मे महिन्यांत वळवाचे ढग दुपारनंतर जमतात, तेव्हा सकाळच्या आरशासारख्या पाण्याचे हे रूप अर्ध्या तासात पालटू शकते.

दुसरी बाब पाण्याखाली दडलेल्या वस्तूंची. धरण म्हणजे बुडालेला मुलूख होय. विहिरींचे कठडे, बांध, झाडांचे बुंधे, घरांच्या भिंती हे सर्व तेथे जागच्या जागी असते. उजनीचे पाणी खाली गेले की पळसदेवचे प्राचीन पळसनाथ मंदिर उघडे पडते आणि लोक ते पाहण्यास गर्दी करतात. परंतु पूर्ण उघडे पडण्यापूर्वी काही आठवडे अशी बांधकामे पाण्याखाली हात-दोन हातांवर असतात, आणि मच्छीमाराला खरा धोका त्याच काळात असतो. अशा दगडावर होडी आपटली तर ॲल्युमिनियमचा पत्रा बहुधा वाकतो, पोचा पडतो. फायबरला तडा जातो. ॲल्युमिनियमच्या पक्षातील हा एक मोठा मुद्दा आम्हांला वाटतो.

तळाचा आकार आणि काठाची उंची

लहान ॲल्युमिनियमच्या होड्या मुख्यतः दोन आकारांत मिळतात. पहिली सपाट तळाची, पुढून चौकोनी, पेटीसारखी. ती वीतभर पाण्यातही चालते, उभे राहून जाळे टाकताना डगमगत नाही, बनविण्यास सोपी म्हणून स्वस्तही असते. शांत पाण्यावर हिच्याइतकी सोयीची होडी नाही. परंतु लाटा उठल्या की तिचा सपाट तळ पाण्यावर थाडथाड आपटतो, आणि तिचे बुटके चौकोनी तोंड लाटेवर चढण्याऐवजी लाटेत घुसते. दुसरी होडी टोकदार तोंडाची व तळाला खोलगट कण्याची. ती लाट कापत जाते, तिचे काठ उंच असतात. मात्र जागेवर उभी असताना ती थोडी डुलते आणि तिला पाणी अधिक खोल लागते. या दोहोंच्या मधला एक प्रकार आहे, ज्यात तोंड टोकदार व कापणारे असते आणि मागे जाता जाता तळ जवळजवळ सपाट होतो.

आमचे मत स्पष्ट आहे. नाथसागर किंवा उजनीच्या मुख्य पाण्यावर जाणाऱ्याने सपाट तळाच्या बुटक्या होडीचा मोह टाळावा, आणि हा तिसरा, मधला प्रकार चौदा फूट लांबीत, मध्यभागी किमान अर्धा मीटर उंचीच्या काठांचा घ्यावा. डोंगरांच्या आडोशाच्या खाचांत, लहान तलावांत किंवा मत्स्यबीज सोडण्याच्या कामासाठी बारा फुटी सपाट होडी पुरेशी आहे. आज लहान तलावात आणि उद्या मोठ्या पाण्यात, असे ज्यांचे काम आहे, त्यांनी मोठ्या पाण्याला धरून होडी घ्यावी. उलट दिशेचा हिशेब महागात पडतो.

लांबीकडे सर्वांचे लक्ष जाते, रुंदीकडे जात नाही. वस्तुतः जाळे ओढताना दोन माणसे एकाच बाजूला वाकतात, ओले जाळे आणि मासळी त्याच बाजूने वर येते, तेव्हा होडी तारणारी असते ती रुंदी. विक्रेता 'चार फूट' म्हणतो तेव्हा ती रुंदी वरच्या काठांमधली की तळाची, हे विचारून घ्यावे. मोजपट्टी स्वतःच लावलेली बरी. बारा फूट लांब व तळाला चार फूट रुंद अशा सपाट होडीवर प्रत्येक १०० किलो वजन वाढले की ती सुमारे अडीच सेंटिमीटर खाली बसते. तीन माणसे, इंजिन, जाळी, नांगर, मासळी आणि होडीचे स्वतःचे वजन मिळून साडेतीनशे किलो सहज होतात, म्हणजे नऊ सेंटिमीटर. मध्यभागी ४० सेंटिमीटर उंच असलेल्या काठाचे ३१ सेंटिमीटर पाण्यावर उरले. माणसे एका बाजूला वाकली की त्या बाजूला त्यातलेही निम्मे जातात.

किती माणसे न्यावीत, याचा एक सोपा आडाखा अमेरिकेत रूढ आहे. होडीची लांबी व रुंदी फुटांत मोजून गुणावी आणि १५ ने भागावे. अपूर्णांक सोडून द्यावा. बारा बाय चारची होडी तीन माणसांची, चौदा बाय पाचची चार माणसांची. तेथे वीस फुटांखालील होड्यांवर माणसांची संख्या व एकूण वजन दर्शविणारी पट्टी लावणे १९७२ पासून बंधनकारक आहे. हा आडाखा निवळलेल्या हवेसाठी आहे आणि त्यात जाळ्याचा ढीग धरलेला नाही, हे आपल्या मच्छीमारांनी लक्षात ठेवावे. जाळे असेल तर एक माणूस कमी.

पत्रा कोणता आणि जोड कसा

'ॲल्युमिनियम' या एका नावाखाली अनेक मिश्रधातू येतात. होडीसाठी मॅग्नेशियम मिसळलेले ५०५२, ५०८३ किंवा ५०८६ या क्रमांकांचे पत्रे वापरतात. आतल्या पट्ट्या व चौकटींसाठी ६०६१ चालतो. भांड्यांचा किंवा छपराचा मऊ पत्रा स्वस्त मिळतो म्हणून स्थानिक कारागिराकडून त्याचीच होडी ठोकून घेण्याचा विचार कोणी करीत असेल, तर तो सोडून द्यावा. तो पत्रा वारंवार वाकून चिरतो. पत्रा विकत घेताना क्रमांकाचा दाखला मागावा. चांगला व्यापारी तो देतो.

जाडी किती असावी? बारा फुटी होडीच्या तळाला दोन मिलिमीटर ही आम्ही किमान मर्यादा मानतो. चौदा फुटी होडीला अडीच, आणि दगडाळ काठावर रोज ओढायची असेल तर तीन. जाडी वाढली की वजन व किंमत दोन्ही वाढतात, परंतु पाव इंची पोचा आणि भोक यांतला फरक याच अर्ध्या मिलिमीटरने पडतो.

जोड दोन प्रकारचे : रिव्हेट मारलेले आणि वेल्डिंग केलेले. रिव्हेटची होडी हलकी, पातळ पत्र्याची आणि स्वस्त असते. कालांतराने आपटून आपटून रिव्हेट ढिले होतात आणि तेथून पाणी झिरपते; पण ते पुन्हा ठोकून घट्ट करता येतात, आणि त्यासाठी दोन हातोडे व एक समजदार माणूस पुरतो. नेहमीचे पोकळ पॉप रिव्हेट मात्र तळाला कधीही वापरू नयेत, कारण त्यांच्या मधल्या छिद्रातून पाणी येतेच. वेल्डिंगची होडी एकसंध, मजबूत आणि आतून गुळगुळीत असते. परंतु ॲल्युमिनियमचे वेल्डिंग आर्गॉन वायूच्या साहाय्याने करावे लागते, ते गावच्या ट्रॅक्टर दुरुस्तीच्या दुकानात होत नाही. होडी फाटली तर ती टेम्पोत घालून शहरातील कारखान्यात न्यावी लागेल, ही तयारी हवी. ज्यांचे जलाशय आडवळणी आहेत त्यांनी रिव्हेटची घ्यावी, असे आम्हांला वाटते, शहराजवळच्यांनी वेल्डिंगची.

पाणी भरल्यावर होडी तरंगते का?

आता मूळ प्रश्नाकडे वळू. लाकडाची होडी पाण्याने भरली तरी लाकूड मुळात तरंगते, म्हणून ती काठोकाठ बुडून का होईना, वर राहते. ॲल्युमिनियम तसे नाही. ते पाण्यापेक्षा २.७ पट जड आहे. आत हवा आहे तोवरच ते तरंगते. पाणी भरले की सरळ तळाशी जाते. फायबरचेही तेच. म्हणून धातूच्या किंवा फायबरच्या होडीत पाणी शिरल्यावरही तरंगत राहणारा फेसाळ पदार्थ, म्हणजे फोम, बंदिस्त करून बसवावा लागतो. आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या होडीत तो आहे की नाही, आहे तर किती आणि कोठे, हे विचारल्याशिवाय एक रुपयाही पुढे करू नये.

किती हवा, याचा हिशेब कठीण नाही. एक लिटर फोम साधारण एक किलो वजन पाण्यात तोलून धरतो. ८० किलोंची ॲल्युमिनियमची होडी पाण्याखाली गेल्यावर तिचे वजन सुमारे ५० किलो भरते. इंजिन, बॅटरी यांसाठी ३५ किलो, नांगर-जाळ्यांसाठी २० किलो धरावे. होडीला बिलगून अर्धवट पाण्यात असलेल्या तीन माणसांसाठी प्रत्येकी तीस याप्रमाणे ९० किलो. एकूण झाले १९५. म्हणजे अशा होडीत सुमारे २०० लिटर फोम पाहिजे. तेलाच्या एका मोठ्या पिंपाएवढी ही जागा आहे. बाकाखाली दोन लहान ठोकळे बसवून 'फोम आहे' असे सांगणाऱ्या विक्रेत्याला हा हिशेब अवश्य दाखवावा.

फोम किती, याइतकेच तो कोठे आहे हेही महत्त्वाचे. सगळा फोम तळाच्या फळीखाली असेल, तर पाण्याने भरलेली होडी उलटी होण्यास पाहते, कारण तरंगणारा भाग वर येऊ इच्छितो. तो दोन्ही काठांलगत उंचावर आणि मागे इंजिनाच्या दोन्ही बाजूंना असावा. मागे काहीच नसेल तर इंजिनाच्या भाराने होडी उभी राहते आणि पाण्यावर फक्त तिचे नाक दिसते. त्याला तीन माणसे कशी धरून राहणार? अमेरिकेत इंजिनाच्या लहान होड्या पाण्याने भरल्यावरही आडव्या तरंगत राहिल्या पाहिजेत, असा नियम १९७० च्या दशकातच झाला. आपण तो नियम म्हणून नव्हे, तर आपल्या घरच्यांसाठी म्हणून पाळण्यास कोणाची हरकत नसावी.

फोमचा प्रकारही पाहावा. साधे पांढरे थर्माकोल पेट्रोलच्या स्पर्शाने विरघळते. इंजिनाच्या टाकीजवळ ते असणे म्हणजे नसल्यासारखेच. बंद छिद्रांचा पॉलिएथिलीनचा फोम उत्तम. जागेवर ओतून फुगविलेला पॉलियुरेथेन चालतो, परंतु वर्षानुवर्षे ओलाव्यात राहिल्यास तो पाणी शोषून जड होतो आणि लगतच्या पत्र्याला आतून खातो. म्हणून फोम काढून पाहता येईल अशी झाकणे असावीत.

काठाच्या बाहेरून सर्व बाजूंनी एक जाड दोर थोड्याथोड्या अंतरावर बांधून घ्यावा. पाण्यात पडलेल्या माणसाला ओला धातू धरता येत नाही, दोर धरता येतो. जीवरक्षक जाकिटे होडीत ठेवणे आणि अंगात घालणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. मच्छीमार ती घालीत नाहीत याचे कारण नुसता निष्काळजीपणा नसून, जाळे बंदांत व बकलांत अडकते आणि उन्हात जाकीट सहन होत नाही, हेही आहे. पुढून सपाट, साखळीबंद, कमरेइतके आखूड असे १०० न्यूटन तरणशक्तीचे जाकीट मिळते, ते पाहावे.

जाळ्यासाठी म्हणून काही विशेष

बाजारातील पुष्कळ नमुने गळ टाकून हौसेने मासे पकडणाऱ्यांसाठी आखलेले असतात. त्यांत खुर्च्या, कप्पे, आडवी बाके यांची रेलचेल असते. चिलापी, कटला, रोहू यांसाठी नायलॉनचे जाळे पाण्यात उभे पसरणाऱ्या आपल्या मच्छीमाराला हे सर्व अडचणीचे आहे. त्याला मधली जागा मोकळी हवी आणि काठ गुळगुळीत हवा. काठावर गोल नळी वळवून बसविलेली असावी. उघडी कड, रिव्हेटांची टोके, बाहेर आलेले हूक यांत जाळे अडकून फाटते, आणि वाऱ्यात अडकलेले जाळे सोडविण्यासाठी वाकलेला माणूस होडी कलंडवू शकतो. उन्हाळ्यात सोलापूरकडील उन्हात पत्रा एवढा तापतो की अनवाणी पाय ठेववत नाही. तळावर काथ्याची किंवा रबराची चटई टाकल्यास पाय वाचतात आणि आवाजही कमी होतो. ॲल्युमिनियमवर वल्हे आपटले की मासळी दूर पळते, हा आक्षेप खरा आहे, पण चटईने बराचसा निकाली निघतो.

इंजिनाविषयी थोडक्यात सांगतो. जाळे लावण्या-काढण्याच्या कामाला बारा फुटी होडीवर दोन ते पाच अश्वशक्ती पुरते. इंजिन ज्या मागच्या फळीवर बसते तिची उंची आणि इंजिनाच्या दांड्याची लांबी यांचा मेळ हवा. ३८ सेंटिमीटर उंचीच्या फळीला आखूड दांड्याचे, ५१ सेंटिमीटरच्या फळीला लांब दांड्याचे. इंजिन कितीही चांगले असले तरी दोन वल्ही होडीत असलीच पाहिजेत.

ॲल्युमिनियमचे शत्रू

गोड्या पाण्यात ॲल्युमिनियम फारसे गंजत नाही, त्याला रंगाचीही गरज नसते. तथापि तांबे आणि पितळ यांच्याशी त्याचे हाडवैर आहे. ओलाव्यात हे धातू एकमेकांना टेकले की ॲल्युमिनियम झिजते. तळाशी पडून राहिलेला तांब्याचा तारेचा तुकडाही कालांतराने तेथे खड्डा पाडतो. समुद्रातील होड्यांच्या तळाला लावतात तो तांबेयुक्त रंग या होडीला कदापि लावू नये. तांब्याच्या क्षारांत मुरविलेल्या लाकडाच्या किंवा प्लायवूडच्या फळ्याही थेट पत्र्यावर बसवू नयेत. आणखी एक गोष्ट आपल्याकडे हमखास होते : गळती थांबविण्यासाठी सिमेंट थापणे. ओले सिमेंट आणि चुना ॲल्युमिनियमला खातात. तात्पुरती गळती एम-सीलसारख्या इपॉक्सीने बुजवावी आणि नंतर नीट दुरुस्ती करावी. खाडीत व समुद्रातही हीच होडी वापरण्याचा कोणाचा मानस असेल, तर प्रत्येक वेळी ती गोड्या पाण्याने धुण्याची शिस्त आहे का, हे स्वतःला विचारावे.

जुनी होडी घेणार असाल तर ती काठावर, खाली टेकू देऊन ठेवावी आणि आत घोटाभर पाणी ओतावे. अर्ध्या तासात तळाखाली जेथे जेथे थेंब दिसतील तेथे खडूने खुणा कराव्यात. दोन-चार ढिले रिव्हेट ही किंमत कमी करण्यासारखी बाब आहे. परंतु कण्याच्या बाजूने किंवा मागच्या फळीच्या कोपऱ्यांत लांबट चीर दिसली तर ती होडी सोडून द्यावी. मागच्या फळीतील लाकूड आतून कुजलेले असते, त्यावर मूठ मारून आवाज ऐकावा.

खर्चाच्या बाबतीत प्रामाणिकपणे सांगायचे तर सुरुवातीला ॲल्युमिनियमची होडी फायबरपेक्षा महाग पडते. मोडीत काढल्यावर तिला धातूचा भाव येतो, फायबरला कोणी विचारीत नाही आणि तिचे तुकडे काठावर पडून राहतात, हा काही अंशी भरपाईचा भाग. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत पारंपरिक मच्छीमारांना होडी व जाळ्यांसाठी साहाय्याची तरतूद करण्यात आली. तीत सर्वसाधारण लाभार्थ्यांना ठरलेल्या खर्चाच्या ४० टक्के, तर महिला व अनुसूचित जाती-जमातींच्या लाभार्थ्यांना ६० टक्के असे प्रमाण होते. शासकीय साहाय्याच्या आधारे होडी घेणाऱ्या संस्थांनी मागणी नोंदविण्यापूर्वीच जिल्हा मत्स्यव्यवसाय कार्यालयात ॲल्युमिनियमची होडी मान्य होईल काय, हे लेखी विचारून घ्यावे. तसेच तलावाचा ठेका मिळाला म्हणजे पेट्रोलचे इंजिन चालविण्याची मुभा मिळाली असे नव्हे. पिण्याच्या पाण्याच्या जलाशयांवर पाटबंधारे खात्याची भूमिका वेगळी असू शकते.

मासेमारीसाठी घेतलेली होडी बाजाराच्या दिवशी, जत्रेला, लग्नाला माणसांची ने-आण करू लागते, हे सर्वांना ठाऊक आहे. पलीकडच्या गावाला रस्त्याने पन्नास किलोमीटरचा वळसा पडत असेल, तर लोकांना दोष देता येत नाही. परंतु प्रवासी वाहतुकीला नोंदणी, तपासणी आणि परवाना लागतो. १९१७ चा जुना कायदा जाऊन आता अंतर्देशीय जलवाहन कायदा, २०२१ लागू आहे. तीन माणसांच्या होडीत सात माणसे बसतात, कारण जागा दिसते. जागा आणि क्षमता एक नव्हेत.

म्हणून होडी ताब्यात घेताना पूर्ण पैसे देण्यापूर्वी एक चाचणी अवश्य करावी. कमरेइतक्या पाण्यात होडी उभी करून ती बादल्यांनी काठोकाठ भरावी, इंजिनाच्या जागी तेवढ्या वजनाची वाळूची पोती ठेवावीत, आणि जितकी माणसे रोज जाणार तितकी बाजूंना धरून लोंबकळावीत. होडी आडवी तरंगत राहिली तर घ्यावी. एका बाजूला कलंडली किंवा तळाला टेकली तर विक्रेत्याकडून फोम वाढवून घ्यावा आणि चाचणी पुन्हा करावी. त्यानंतर बाहेरच्या बाजूला, काठावरून वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरांत, माणसांचा आकडा रंगवून घ्यावा.